तांब्याच्या आरशातली भट्टी

क्षणभर असं समजा, की तुमच्या डोळ्यांना उजेड दिसेनासा झाला आहे आणि त्याऐवजी ऊब दिसू लागली आहे. आता स्वयंपाकघरात जा. दिवा लावू नका, गरजच नाही. गॅसची ज्योत तर लखलखेलच. पण चहाचा कप, आजीचे हात, खिडकीत झोपलेली मांजर, कुणी नुकताच उठून गेला तो पाट, सगळं आपापल्या उबेने उजळलेलं दिसेल. पाण्याचा माठ तेवढा अंधारात. मग एक चकचकीत घासलेली स्टीलची परात घ्या आणि ज्योतीसमोर, जरा लांब, उभी करून ठेवा. परात थंड आहे, हात लावून बघा. तुमच्या या नव्या डोळ्यांना ती कशी दिसेल?

उत्तराची घाई करू नका. मैत्रीलाही ते लगेच मिळालं नव्हतं.

मैत्री तेव्हा सातवीत होती. इंदूरच्या कापडमिली एकामागून एक बंद पडल्या, त्या काळातली ही गोष्ट. तिचे पप्पा, पंचशील, मिलच्या बिजलीघरात होते. मिल गेली तसे ते घरोघर पंखे आणि कूलर दुरुस्त करत फिरू लागले. सांवेर रोडवर नवेनवे कारखाने उघडत होते, नाही असं नाही. पण मिलचा माणूस म्हटला की मालक नाक मुरडायचे. "मिलवाले? काम कम, नारे ज़्यादा," असं एकाने तोंडावरच ऐकवलं होतं. शेवटी गिअर तापवून टणक करणाऱ्या एका लहान कारखान्यात त्यांना जागा मिळाली, तीही कच्ची. शेजारच्या शेडमध्ये वायरिंगमुळे आग लागली होती, म्हणून मालकांनी, सेठजींनी, आपल्याकडचं सगळं तपासून घ्यायचं ठरवलं होतं. "कॅमेरेवाली मॅडम आएगी," ते पंचशीलला म्हणाले, "तुम्हारा काम पास हुआ तो पक्के. नहीं तो भाई, हम दूसरा देखेंगे."

तो दिवस उजाडला. मैत्रीला शाळेची सुट्टी होती, आई महूला मावशीकडे गेली होती, म्हणून डबा घेऊन मैत्रीही पप्पांबरोबर कारखान्यात आली.

शेड लांबलचक होतं. एका भिंतीला भट्टी आणि तिच्या बरोबर समोरच्या भिंतीला विजेचं मोठं पॅनल. पॅनलचं दार उघडलं की आत तांब्याच्या जाड पट्ट्या दिसत. त्यांतून कारखान्याची सगळी वीज वाहायची. जुन्या पट्ट्या वर्षानुवर्षांच्या धुराने काळपट पडल्या होत्या. मधली एक पट्टी मात्र पंचशीलने नुकतीच बदलली होती, आणि जिथे ती जुनीला दोन बोल्टांनी जोडली होती तो भाग असा झळकत होता, जणू आत्ता टाकसाळीतून आलाय.

"पप्पा, यात तर चेहरा दिसतोय!"

"दिसणारच," पंचशील म्हणाले. त्यांना मनातून बरं वाटलं होतं. "बिजलीघरात आमचे उस्ताद होते. नवा जोड केला की आधी घासायला लावायचे. किती घासू विचारलं, तर म्हणायचे, माझी मिशी दिसेपर्यंत घास. मिशीचा केस न् केस दिसला की मग लाइन चालू."

"आणि ज्याला मिशी नाही तो?" भट्टीवरून शरदकाका ओरडले. शरदकाकाही मिलचेच, विणकामातले. आता इथे भट्टी सांभाळायचे आणि रात्री इथेच झोपायचे. त्यांची मिशी साफ होती. "त्याने काय दात बघायचे काय, भिया?"

तेवढ्यात सेठजींबरोबर कॅमेरेवाली मॅडम आली. मैत्रीला वाटलं होतं, कुणीतरी पोक्त, चष्मेवाली असेल. ही तर तिच्या आतेबहिणीएवढी दिसत होती. प्राची नाव, पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला आलेली इंजिनिअर. तिने पेटीतून कॅमेरा काढला, लग्नात शूटिंगवाले खांद्यावर घेतात त्याहून थोडा लहान, आणि तिपाईवर बसवला. मग जमिनीवर खडूने एक रेघ ओढली.

"या रेघेच्या पलीकडे कुणी यायचं नाही. पॅनल उघडं आहे, वीज चालू आहे. तू पण नाही. काय नाव तुझं?"

"मैत्री. मॅडमजी, यात फोटू निघतो?"

"ताई म्हण. फोटो निघतो, पण उजेडाचा नाही, उष्णतेचा. ये, बघ."

मैत्री एका पालथ्या खोक्यावर चढली आणि छोट्या पडद्यात डोकावली. शेड ओळखू येईना. सगळं निळं-जांभळं. शरदकाकांचं तोंड नारिंगी, आणि भट्टीचं उघडं तोंड पांढरंशुभ्र, बघवत नव्हतं. प्राचीने कॅमेरा पॅनलकडे वळवला. जुन्या पट्ट्या एकसारख्या जांभळ्या. आणि त्यांच्या मधोमध, पप्पांनी केलेल्या जोडाच्या जागी, पिवळाजर्द चौकोन.

प्राची पडद्यावरचा आकडा वाचू लागली. तेवढ्यात सेठजी बोलले.

"ये पीला क्या है?"

"गरम दिसतंय. म्हणजे, दिख रहा है गरम," प्राची म्हणाली. "जुन्या पट्ट्या अठ्ठेचाळीस डिग्री, आणि हा जोड एकशेचाळीसच्या वर दाखवतोय. पण एक मिनिट थांबा—"

"सब पुराने ठंडे, और जो नया लगा, वही गरम!" सेठजींनी पंचशीलकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं. "वाह, उस्ताद."

पंचशीलच्या तोंडचं पाणी पळालं. जोड ढिला असला की विजेला तिथून जाताना जोर लावावा लागतो आणि तो तापतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तापत तापत एक दिवस तो पेटतोसुद्धा. पण आपण तर नीट आवळला होता. आवळला होता ना?

मैत्री पडद्यावरून डोळे काढत नव्हती. तो पिवळा चौकोन तिला पप्पांचा वैरी वाटत होता. वैऱ्याकडे कसं बघतात, टक लावून, तशी ती बघत होती. आणि बघता बघता चौकोन विझला. लगेच पुन्हा पेटला.

तिने डोळे चोळले. पुन्हा तसंच झालं. विझला, पेटला.

"ताई, हा पापणी मारतोय."

"कोण?"

"पप्पांचा जोड. बघा ना. आत्ता गेला... आत्ता आला."

प्राचीने वाकून पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं. शरदकाका चिमट्याने एकेक गिअर भट्टीत सरकवत होते. ते भट्टीच्या तोंडासमोरून गेले की जोड विझायचा, बाजूला झाले की पेटायचा.

"काका, जरा तिथेच उभे राहा," प्राची म्हणाली. "हात वर करा. आता हलवा."

शरदकाकांनी पोलिसाला बघून करावेत तसे दोन्ही हात वर केले आणि हलवले. पडद्यावर तांब्याच्या जोडात, नखाएवढा, एक काळसर माणूस हात हलवत होता.

मैत्री किंचाळलीच. "शरदकाका जोडात आहेत!"

"घ्या! मिल गेली, घर गेलं, आता पॅनलमध्ये राहायचं राहिलं होतं," शरदकाका म्हणाले.

प्राची हसत होती. "जुन्या काळ्या पट्ट्या स्वतःची ऊब किती बाहेर टाकतात त्याचा जो आकडा कॅमेऱ्यात भरलाय, तो या चकचकीत जोडाला लागू नाही. तेच तपासायला मी थांबा म्हणत होते. तू माझ्या आधी पकडलंस. आता मला सांग, खरी गरम वस्तू पापणी मारेल का?"

"नाही. तवा खाली उतरवला तरी किती वेळ गरम राहतो."

"मग हे पिवळं कुणाचं?"

मैत्रीने भट्टीकडे पाहिलं, मग जोडाकडे. "भट्टीचं. पप्पांनी आरसा केला, आणि भट्टी त्यात तोंड बघतेय."

"अगदी." प्राचीने तिपाई उचलून दोन हात बाजूला नेली. पिवळा चौकोन कडेला सरकला, चिंचोळा झाला आणि दिसेनासा झाला. "आपण सरकलो की आरशातलं चित्र सरकतं. वस्तूची स्वतःची ऊब आपल्याबरोबर सरकत नाही, ती जागची हलत नाही. हे लक्षात ठेव."

तिने शरदकाकांना भट्टीचं दार लावायला सांगितलं. दार करकरत खाली आलं. तिपाई पुन्हा जुन्या जागी आली. पडद्यावरचा जोड आता निळा होता, जुन्या पट्ट्यांहूनही निळा.

सेठजींनी स्वतः डोकावून खात्री केली. "चलो, गायब. मॅडम, लिख दो ओके. पंचशील, तुम तो बच गए." आणि ते ऑफिसकडे वळलेसुद्धा.

पंचशील मैत्रीकडे बघून हसले.

इथे मैत्री गप्प बसली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण डोक्यात एखादी गोष्ट अडकली की ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत मैत्रीला चैन नसायचं.

"ताई, पण जुन्या पट्ट्यांपेक्षा जास्त थंड कसा? वीज तर सगळ्यांतून तेवढीच जाते ना?"

सेठजी दारात थांबले. शरदकाका कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं बाई, तू बापाची वकील की समोरच्याची?"

प्राचीने पंचशीलकडे पाहिलं. जे सांगायचं होतं ते त्यांच्या सोयीचं नव्हतं, आणि तिला ते कळत होतं. तरी ती सांगू लागली, सावकाश, मैत्रीला सांगितल्यासारखं.

"चकचकीत तांबं मोठं लबाड असतं. त्याच्याकडून शंभर दाणे उष्णता आली असं समज, तर त्यांतले जेमतेम पाच त्याचे स्वतःचे. बाकी पंच्याण्णव समोरून आलेले, त्याने नुसते परत फेकलेले. समोर भट्टी असली की थंड जोड गरम दिसतो. समोर थंड भिंत असली की गरम जोडसुद्धा थंड दिसतो. तेव्हा मघाचं पिवळं खोटं होतं, पण आत्ताचं निळं खरं आहे असंही नाही."

"म्हणजे जोड चांगला की खराब?"

"अजून माहीत नाही."

पंचशील पॅनलकडे बघत उभे होते. परवा संध्याकाळी ते इथेच बसले होते. वरचा बोल्ट आवळला, खालचा आवळला, मग पॉलिश घेऊन घासायला सुरुवात केली, आणि घासण्यातच अंधार पडला. पाना फिरवल्याचं आठवत होतं. पण बोल्ट बसल्यावर शेवटचा जो एक पीळ द्यायचा, अंगाचा भार टाकून, तो खालच्या बोल्टला दिला होता का? आठवत होती ती फक्त चमक.

"कळायला काय करावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"लाइन बंद करून जोडावर काळी टेप चिकटवायची. ती आरसा होत नाही. खालच्या तांब्याइतकीच तापते आणि शंभरातले पंच्याण्णव दाणे स्वतःचे देते. मग पुन्हा लाइन चालू, आणि मोजायचं."

"लाइन बंद?" सेठजी परत आले. "पंप, ब्लोअर, सब इसी पे है. अरे भाई, दाग चला गया, बात ख़तम. तुमको क्या पड़ी है?"

"सेठजी," पंचशील म्हणाले, "रात को इस पॅनल के सामने शरद रहता है. मैं तो घर चला जाता हूँ."

भट्टीजवळ शरदकाकांनी चिमटा खाली ठेवला.

सेठजींनी घड्याळ पाहिलं. "खाने की छुट्टी में कर लो," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद झाली. पंचशीलने टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री केली आणि दोन्ही बोल्टांशेजारी काळ्या टेपचा एकेक तुकडा दाबून बसवला. पुन्हा लाइन चालू केली, पंप घरघरू लागले. जोड तापायला वेळ द्यायचा होता. डबा उघडला, पण मैत्री नुसतीच भाजी चिवडत बसली.

"पप्पा, मी नको बोलायला होतं का?"

पंचशीलने पोळीचा तुकडा मोडला, तसाच हातात ठेवला. "मनात आलं होतं तेच विचारलंस ना?"

"हो."

"मग झालं तर. मला विचारायची हिंमत झाली नाही, एवढाच फरक. खा."

तिकडे प्राचीने पिशवीतून पोळ्या गुंडाळायची चांदीसारखी पन्नी काढली. शरदकाका लगेच सरसावले. "पराठे आणलेत का मॅडम?"

"पराठे संपले काका, आता पन्नीचं काम आहे." तिने पन्नी मुठीत चुरगाळली, पुन्हा अलगद उलगडली आणि सुरकुत्यांसकट एका पुठ्ठ्यावर चिकटवली. तो पुठ्ठा पॅनलच्या बाहेर, बाजूच्या लाकडी खांबावर अडकवला. तोंड जोडाचं होतं त्याच दिशेला, भट्टीकडे. "पन्नीतूनही वीज जाते, म्हणून पट्ट्यांच्या जवळपासही न्यायची नाही."

"पण चुरगाळली कशाला? छान गुळगुळीत होती की."

"गुळगुळीत पन्नी म्हणजे पुन्हा आरसाच. एकाच दिशेचं चित्र दाखवेल. सुरकुत्या पडल्या की ती समोरची सगळ्या बाजूंची उष्णता गोळा करून आपल्याकडे टाकते. तिची स्वतःची ऊब जवळजवळ नाहीच. म्हणून मी कॅमेऱ्याला सांगते, पन्नीकडून जे येतंय ते सगळं तिचंच मान. मग तो जो आकडा देईल, तो कुणाचा?"

मैत्रीने विचार केला. "समोरच्यांचा. भट्टी, भिंत, शरदकाका, आपण, सगळ्यांचा मिळून."

"तो आकडा आता कॅमेऱ्यात भरायचा. टेपसुद्धा शंभरातले पाच दाणे समोरून घेतेच. कॅमेरा तेवढे परक्याचे दाणे वजा करतो, म्हणजे टेपचे स्वतःचे तेवढे उरतात."

"मग टेप कशाला? जोडाचेच पंच्याण्णव वजा करायचे."

"करून बघ मनात. पाच दाण्यांवरून सगळं ठरवायचं, आणि मोजताना दोन दाणे इकडचे तिकडे झाले तर?"

"सगळंच चुकेल."

"म्हणून टेप."

सुट्टी संपली तोवर जोड पुरेसा तापला होता. भट्टीचं दार बंदच ठेवलं होतं. प्राचीने आधी पन्नी मोजली, आकडा भरला, कॅमेऱ्याला टेपचा हिशेब सांगितला आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

निळ्या जोडावर दोन चौकोनी तुकडे उठून दिसत होते. वरचा जुन्या पट्ट्यांसारखा जांभळा. खालचा नारिंगी.

"वरचा पन्नास," प्राची म्हणाली. "खालचा सदुसष्ट."

मैत्रीने पप्पांकडे पाहिलं नाही. तिच्याने पाहवलं नाही.

"आज आग लागेल असं नाही," प्राची पुढे म्हणाली, "पण खालचा बोल्ट ढिला आहे. असाच राहिला तर वाढत जाईल."

पंचशील पुढे आले. "मीच आवळला होता सेठजी. घासत बसलो आणि आख़िरी पीळ राहून गेला. चूक माझी."

सेठजींनी वाकून पडद्याकडे पाहिलं. त्यांनी ओके लिहायला सांगितलेला बोल्ट त्यांच्यासमोर नारिंगी जळत होता, आणि हे त्यांनाही दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "लाइन बंद करो. कसो. फिर नापो. दोनों बराबर आए तो सोमवार से पक्के. नहीं आए, तो मेरे पास दूसरी बात नहीं है."

पुन्हा लाइन बंद. पुन्हा टेस्टर. पंचशीलने मोठा पाना घेतला आणि खालच्या बोल्टवर अंगाचा भार टाकला. बोल्ट कुरकुरला, पाव फेरा फिरला आणि गच्च बसला. वरचाही त्यांनी तपासला. लाइन चालू झाली. जोडाला तापायला पुन्हा वेळ द्यायला हवा होता, आणि तो वेळ मुंगीच्या पावलांनी गेला.

"या वेळी मैत्री मोजेल," प्राची म्हणाली. "मी शेजारी आहे."

पंचशील पाठ फिरवून उभे राहिले. पाना अजून हातातच होता.

मैत्री खोक्यावर चढली. टेपचे तुकडे तिथेच होते, कॅमेरा नुसता तिकडे वळवायचा अवकाश. पण तिने आधी मागे वळून पाहिलं. शरदकाकांनी गिअर काढायला भट्टीचं दार वीतभर उचललं होतं.

"काका, दार!"

"लावतो, लावतो माझी आई."

दार लागलं. मैत्रीने कॅमेरा पन्नीवर नेला, आकडा वाचला आणि प्राचीने दाखवलेलं बटण दाबून तो भरला. मघापेक्षा तो थोडा जास्त होता, दुपारच्या उन्हाने छपराचा पत्रा तापला होता. मग कॅमेरा जोडावर.

वरचा तुकडा एक्कावन्न. खालचा एक्कावन्न. दोन्ही जांभळे.

"हाँ बिटिया?" सेठजींनी विचारलं. "बोलो."

पप्पांची पाठ हललीसुद्धा नाही. मैत्रीच्या ओठांवर आकडा आला होता. तिने तो गिळला, खोक्यावरून खाली उतरली, प्राचीच्या मदतीने तिपाई उचलून दोन हात डावीकडे नेली, आणि पायांनी खोकं ढकलत तिथे नेऊन, त्यावर चढून, पुन्हा एकदा पाहू लागली. खरी ऊब असेल तर आकडे इथूनही तेच येतील.